आधी उजाडतं ते गडचिरोलीत!

दोस्तांनो, एक पैज लावायची का? दोन मित्रांना एकच प्रश्न विचारा, "२५ नोव्हेंबरला संध्याकाळी पावणेसहा वाजता सूर्य मावळलेला असतो की नसतो?" मुंबईचा मित्र म्हणेल, "छे! अजून पंधरा मिनिटं आहेत की." भामरागडची मैत्रीण म्हणेल, "कधीच मावळला! आमच्याकडे दिवे लागले." आता गंमत अशी, की दोघंही खरं बोलताहेत, आणि दोघांच्या मनगटावरची घड्याळं सेकंदापर्यंत सारखी आहेत!

मग चुकलं कोण? कुणीच नाही. फक्त आपलं नेहमीचं घड्याळ या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. ते सांगतं किती वाजले. उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे, हे सांगायचं काम त्याचं नाही.

पण हे काम करणारं घड्याळ आहे बरं का! ते भिंतीवर टांगलेलं नसतं, संगणकाच्या पडद्यावर असतं. त्याला काटे नाहीत. असतो तो जगाचा नकाशा. अर्धा नकाशा उजळ, अर्धा काळपट, आणि दोहोंच्या मधे नागमोडी वळण घेत गेलेली एक रेष. तुम्ही गणितं सोडवत बसा, जेवून या, झोपा, ही रेष आपली हळूहळू पश्चिमेकडे सरकतच असते. रेषेच्या एका अंगाला दिवस, दुसऱ्या अंगाला रात्र. नकाशावर जिथून काळोख मागे हटतोय तिथे आत्ता, या क्षणी, कोंबडा आरवतो आहे असं समजा.

असा एक जुना आणि प्रसिद्ध प्रोग्राम म्हणजे 'सनक्लॉक'. नोव्हेंबर १९८८ मध्ये जॉन वॉकर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने तो लिहिला. हे तेच वॉकर, ज्यांनी इमारतींचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरसाठी गाजलेल्या 'ऑटोडेस्क' कंपनीची स्थापना करण्यात पुढाकार घेतला होता. त्यांनी तो ज्या संगणकासाठी लिहिला त्या कंपनीचं नावही 'सन'च होतं! सूर्याचं गणित त्यांनी घेतलं बेल्जियमचे खगोलगणिती जाँ मेयस यांच्या पुस्तकातून. त्यानंतर अशी घड्याळं पुष्कळ निघाली. 'एक्सअर्थ' आलं, विंडोजसाठी वॉकर यांचंच 'होम प्लॅनेट' आलं. आज तर आई-बाबांच्या मोबाइलवरही दिवस-रात्रीचा नकाशा दिसतो. त्याहीआधी, १९६० च्या दशकात, अमेरिकेत 'जिओक्रॉन' नावाचं यंत्र निघालं होतं. त्यात दिव्याच्या पेटीवरून जगाचा नकाशा विजेच्या मोटरीवर सरकत असे. म्हणजे कल्पना जुनीच, संगणकाने ती स्वस्त केली.

दोन आकडे पुरतात

तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या पृथ्वीवर कुठे ऊन आहे हे शोधायला केवढं अवघड गणित लागत असेल! संगणकाला उपग्रहाकडून फोटो येत असतील! तसं काही नाही. त्याला फक्त तारीख आणि वेळ हवी, आणि ती त्याच्या आतल्या घड्याळात असतेच. त्यावरून तो एकच गोष्ट शोधतो : या क्षणी सूर्य पृथ्वीवरच्या कोणत्या ठिकाणी अगदी डोक्यावर आहे? त्या ठिकाणाचे अक्षांश आणि रेखांश, बस्स, दोन आकडे. अक्षांश तारखेवरून मिळतात, रेखांश वेळेवरून.

एकदा ते ठिकाण सापडलं की पुढचं काम सोपं. तिथून कुठल्याही दिशेला साधारण १०,००० किलोमीटरपर्यंत जे जे येतं तिथे दिवस, आणि त्यापलीकडे रात्र. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, त्याचा हा चौथा हिस्सा. भूगोलाच्या पुस्तकातला गोल अर्धा उजळलेला असतो ना, तो हाच.

मग रेष नागमोडी का? कारण पृथ्वी गोल आणि नकाशा चपटा. संत्र्यावर रबर बँड ताणून लावा, साल सोलून सपाट पसरा, म्हणजे सरळ रेषेचं काय होतं ते कळेल. वर्षातून दोनदा मात्र, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमाराला, ही लाट नाहीशी होऊन नकाशावर दोन उभ्या सरळ रेषा दिसतात. त्या दिवशी बघायला विसरू नका.

सूर्य डोक्यावर असलेलं ठिकाण काही प्रोग्राममध्ये छोट्या पिवळ्या ठिपक्याने दाखवतात. हा ठिपका चोवीस तासांत पृथ्वीला एक फेरी मारतो. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास दुपारी १२ वाजून ९ मिनिटांनी तो कुठे असतो, माहीत आहे? बरोब्बर चंद्रपूरवर! गडचिरोली जरा उत्तरेला, म्हणून तिची पाळी एखाद्या दिवसाने येते. त्या क्षणी अंगणात उभी काठी रोवलीत तर तिची सावली सापडणार नाही. चंद्रपूरचा उन्हाळा देशभर प्रसिद्ध आहे, त्यामुळे टोपी घाला, पाणी प्या आणि सावली हरवलेली पाहून लगेच घरात पळा. पुढे जुलैच्या २३-२४ तारखेला सूर्य परत डोक्यावर येतो खरा, पण तेव्हा बहुधा ढग दाटलेले असतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात आणखी एक नवल घडतं : चंद्रपुरात दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते.

मिनिटाला २६ किलोमीटर

पडद्यावर रेष इतकी सावकाश सरकते की घोंगडं अंगावर ओढून घेणाऱ्या आजोबांची आठवण यावी. प्रत्यक्षात आपल्या अक्षांशावर तिचा वेग ताशी सुमारे १,५७० किलोमीटर आहे! म्हणजे मिनिटाला २६ किलोमीटर. पूर्वेकडून, छत्तीसगडच्या डोंगरांवरून, उजेड भामरागड-एटापल्लीच्या रानात उतरतो. थोड्याच वेळात गडचिरोली. तिथून तीनेक मिनिटांत चंद्रपूर. मग यवतमाळ, परभणी, अहिल्यानगर, पुणे आणि शेवटी मुंबईचा समुद्र. गडचिरोली शहर ते मुंबई हा प्रवास सूर्यप्रकाश साधारण अर्ध्या तासात करतो. २१ जूनला गडचिरोलीत सूर्य उगवतो ५ वाजून ३१ मिनिटांनी, मुंबईत ६ वाजून २ मिनिटांनी.

तर महाराष्ट्रात सर्वांत आधी उजाडतं ते गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. ऐन जूनमध्ये मात्र गोंदियाचे मित्र भांडायला येतील, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल! कारण ही रेष वर्षभर सरळ उभी नसते, ती कलते. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या गावांना ती आधी गाठते, हिवाळ्यात दक्षिणेकडच्या.

हे कलणं किती मोठं, ते चेन्नईकडे बघून कळेल. नकाशात गडचिरोलीवर बोट ठेवा आणि सरळ खाली आणा, जवळजवळ चेन्नईवरच येईल. दोन्हींचे रेखांश सारखेच, ८० अंशांच्या आसपास. मग सूर्य दोन्हीकडे एकदमच उगवायला हवा ना? पण २१ जूनला गडचिरोलीत तो चेन्नईच्या १३ मिनिटं आधी उगवतो, आणि २१ डिसेंबरला चेन्नईत गडचिरोलीच्या १५ मिनिटं आधी! पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पडद्यावरची रेष तेच वाक्य डोळ्यांना दाखवते.

घड्याळ एक कसं झालं?

आता पालकांनाही हा भाग वाचायला द्या. रेल्वे येण्याआधी प्रत्येक गावाची स्वतःची वेळ होती. सूर्य माथ्यावर आला की त्या गावचे बारा. बैलगाडीने जाणाऱ्याला चार-सहा मिनिटांच्या फरकाचं काय कौतुक? पण रेल्वेचं वेळापत्रक असं चालत नाही. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. एका देशात तीन मोठी घड्याळं!

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्यांसाठी एकच वेळ ठरवली : ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. ८२.५ अंश रेखांशाची ही वेळ. ही रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून आणि आंध्रात काकीनाड्याजवळून जाते. अख्खा महाराष्ट्र तिच्या पश्चिमेला आहे. पण चंद्रपूर, ज्याला तेव्हा चांदा म्हणत, तिला बरंच जवळ आहे. चांद्याच्या सूर्याला नव्या घड्याळाने फक्त १३ मिनिटं पुढे ढकललं, गडचिरोलीच्या सूर्याला १०. मुंबईला मात्र एकदम ३९ मिनिटं! मुंबईकर चिडले. गिरणी कामगारांनी विरोध केला. लोकांनी जुनी 'बॉम्बे टाइम' सोडली नाही, आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं शहरात दोन्ही वेळा चालत होत्या. "भेटू सहाला" म्हटलं की "कुठल्या सहाला?" असं विचारावं लागत असेल!

म्हणूनच १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मधली एक बारीकशी ओळ मला फार आवडते. वेळ लावायच्या खिडकीत जगाचा नकाशा होता आणि आपल्या देशासमोर लिहिलं होतं : बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, न्यू दिल्ली. नव्वद वर्षांपूर्वी ज्या तीन शहरांची तीन घड्याळं होती, ती एका ओळीत गुपचूप शेजारी शेजारी बसली होती.

एक घड्याळ सोयीचं, यात शंका नाही. पण सूर्य काही सरकारी आदेश वाचत नाही. गुजरातचं पश्चिम टोक आणि अरुणाचलचं पूर्व टोक यांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचं अंतर आहे. आसाममधल्या चहाच्या मळ्यांनी तर आपली 'बागान वेळ' घड्याळाच्या एक तास पुढे ठेवली, म्हणजे मजुरांना उजेडात काम करता येईल. आपल्या राज्यातला अर्धा तास त्यापुढे किरकोळ वाटतो. किरकोळ आहे का तो?

रानातला अर्धा तास

नोव्हेंबरअखेर. भामरागड तालुक्यातल्या एका मुलीची शाळा पाच वाजता सुटली असं धरा. घर तीन किलोमीटरवर, वाट रानातून. पाऊण तास चालायचं. साडेपाचच्या आतच सूर्य मावळला. पावणेसहाला ती घरी पोचेल तेव्हा झाडांखाली अंधार झालेला असेल. याच घड्याळाने, याच वेळी, मुंबई-ठाण्यातली मुलगी शाळेतून तेवढंच चालत निघाली तर ती घरी पोचल्यावरही ऊन शिल्लक असेल, चेंडू घेऊन परत खाली जाता येईल. शाळेचं वेळापत्रक दोघींचं एकच, उजेड मात्र एकीला कमी.

सकाळी याच्या उलट. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असं सांगितलं. लहान मुलांची झोप पुरी व्हावी, हा हेतू चांगलाच. पण एप्रिलमध्ये नऊ वाजता गडचिरोलीचा सूर्य तेवढा वर आलेला असतो, जेवढा मुंबईत साडेनऊला येतो. त्यात चंद्रपूरचा उन्हाळा! इथल्या पोरांना सकाळची शाळा का हवीशी वाटते, हे कळायला नकाशावरची रेष पुरते. माझं विचाराल तर वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या टेबलावर असा एक नकाशा असायलाच हवा.

शाळेपेक्षाही जोखमीची गोष्ट जंगलाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. गुरंढोरं आणि हरणं खाऊन टाकण्याआधी ती वेचायची, म्हणून माणसं टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पानं ऊन चढायच्या आत तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी विकायची. या थोड्या दिवसांच्या कमाईवर कित्येक घरांचा पुढचा खर्च चालतो, मुलांच्या वह्या-पुस्तकांचासुद्धा. पण वाघ आणि अस्वल यांच्याही फिरायच्या वेळा त्याच, पहाट आणि सांज. अस्वलाला तर मोहफुलं जिवापाड आवडतात! म्हणून वनखात्याचे लोक परत परत सांगतात, पुरतं उजाडल्याशिवाय आत शिरू नका, एकट्याने जाऊ नका. इथे "सहा वाजता जा" असं सांगून भागत नाही. मार्चअखेर सहाला अजून सूर्य उगवायचा असतो, मेअखेर सहाला तो चांगला वर आलेला असतो. ताडोबाच्या जंगलात सफारीला जाणाऱ्या गाड्यांसाठी फाटक उघडायची वेळ ऋतूप्रमाणे बदलतात, ती याचसाठी.

रेष की पट्टा?

इथे पडद्यावरच्या घड्याळाची एक खोडही सांगायला हवी. साध्या प्रोग्राममध्ये इकडे दिवस, तिकडे रात्र आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेष. खरी पृथ्वी अशी कापलेली नाही. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी वरची हवा उजेड पसरवत राहते. आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण २२-२३ मिनिटं माणसाचा चेहरा ओळखू येतो, आणि पुरता काळोख व्हायला सव्वा तास लागतो. ती खरं तर रेष नाही, शेकडो किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. चांगले प्रोग्राम तो फिकट होत जाणाऱ्या छटांनी दाखवतात.

आपल्या भाषेला हा पट्टा केव्हाचा माहीत आहे! तांबडं फुटलं, झुंजुमुंजू झालं, फटफटलं, उजाडलं. हे सगळं सूर्य वर यायच्या आतलं. संध्याकाळी कातरवेळ, तिन्हीसांजा, दिवेलागण. आजीला विचारा, यातला कुठला शब्द आधीचा आणि कुठला नंतरचा. मग एखाद्या पहाटे अंगणात बसून प्रत्येक शब्दापुढे घड्याळातली वेळ लिहा. हा तक्ता कुठल्याही संगणकात मिळणार नाही.

हल्लीच्या काही नकाशांत रात्रीच्या भागावर शहरांचे दिवेही चमकतात. त्यात चंद्रपूर झगमगताना दिसतं. महाऔष्णिक वीजकेंद्र तिथेच ना! तिथून नजर पूर्वेला नेलीत की दिवे विरळ होत जातात आणि पुढे मोठा काळा डाग लागतो. तो डाग म्हणजे जंगल.

भिंतीवरची दिनदर्शिकाही तपासा. तिच्यात सूर्योदयाची वेळ कुठल्या गावची छापली आहे? मुंबईची असेल, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी अर्ध्या तासाची वजाबाकी करायची. संकष्टीचा चंद्रही तुमच्याकडे मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी उगवतो. उपास करणाऱ्या आईला हे सांगा, मोदक लवकर मिळतील!

संगणक नसला तरी

शाळेत संगणक नाही? किंवा आहे, पण वीज गेली? हरकत नाही. शाळेच्या कपाटात पृथ्वीगोल असतोच. गुरुजींच्या किंवा बाईंच्या परवानगीने तो स्टँडवरून काढा आणि उन्हात एका चुंबळीवर ठेवा. आता तो असा फिरवा, की तुमचं गाव गोलाच्या अगदी माथ्यावर येईल. चंद्रपूर छापलेलं नसेल तर नागपूरच्या जरा खाली पेनाने टिंब द्या. मग गोलाचा उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे वळवा. उत्तर शोधायला काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली बघा. ती चंद्रपुरात घड्याळाच्या ठोक्याला बारा वाजता पडेलच असं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ ला चार मिनिटं कमी असताना पडते, फेब्रुवारीत १२ वाजून २७ मिनिटांनी! आणि सावली मे ते जुलैच्या मधल्या काळात दक्षिणेला जाते, हे विसरू नका.

झालं तुमचं घड्याळ! तुमच्या हातातला गोल आता खऱ्या पृथ्वीसारखाच, त्याच दिशेने कललेला आहे. म्हणून सूर्य त्याचा जो भाग उजळतो, तोच भाग खऱ्या पृथ्वीवर आत्ता उजळलेला आहे. सावलीची कड म्हणजेच पडद्यावरची रेष. डिसेंबरअखेर दुपारी दीडच्या सुमाराला ही कड लंडनवर आलेली दिसेल, तिथे नुकतं उजाडतंय. साडेपाच वाजून गेले की अमेरिकेत राहणाऱ्या मावशीच्या न्यू जर्सीपाशी सकाळ पोचत असते आणि तुमच्या टिंबावरचं ऊन संपत आलेलं असतं. तेव्हा गोलाला डोळे अगदी जवळ नेऊन बघा. तुमच्या टिंबापासून मुंबई, ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर, पश्चिमेला दीड-एक सेंटिमीटरवर असेल. तिच्यावर अजून ऊन आहे का?